मांजराचं वजन वाढलंय? जेवणाआधी खाऊचा हिशेब तपासा!

सकाळचे साडेसहा. दुधाचं पातेलं गॅसवर चढलं की मनी आईच्या पायात घोटाळायला लागते. आई तिच्या वाटीत दोन पळ्या दूध ओतते. नऊ वाजता बाबांचा चहा होतो, त्यातल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा मनीचा. दुपारी पनीर चिरताना एक-दोन चौकोन खाली पडतात, म्हणजे खरं तर पाडले जातात. संध्याकाळी ताई ऑफिसातून आली की क्रीमी ट्रीटची एक नळी. आणि रात्री कोणीतरी "आज हिला काहीच दिलं नाही" म्हणत डब्यातले पंधरा-वीस कुरकुरीत ट्रीट्स पुढ्यात टाकतं. हे सगळं तिच्या दोन वेळच्या जेवणाव्यतिरिक्त बरं का!

मग एक दिवस लसीकरणासाठी नेलेल्या मनीला डॉक्टर काट्यावर ठेवतात आणि म्हणतात, "हिचं वजन कमी करायला हवं." घरचे सगळे एकमेकांकडे बघतात. प्रत्येकाला मनापासून वाटत असतं, की मी तर थोडंसंच देतो!

मंडळी, त्यात खोटं कोणीच बोलत नसतं. प्रत्येकजण खरंच थोडंसं देत असतो. घोळ होतो तो "थोडंसं" मोजण्यात, कारण आपण ते आपल्या पोटाच्या मापाने मोजतो. मांजराचं माप वेगळं असतं.

मांजराचं रोजचं बजेट किती?

घरात राहणारं, नसबंदी झालेलं, चार किलोचं मोठं मांजर दिवसाला साधारण २०० कॅलरींवर आरामात जगतं. (पाकिटांवर 'किलोकॅलरी' असं छापलेलं असतं, आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना कॅलरी म्हणतो त्या याच.) माणसाचं बजेट ढोबळमानाने २००० कॅलरींचं धरलं, तर एक सोपी युक्ती मिळते. मांजराला दिलेल्या खाऊच्या कॅलरींना दहाने गुणायचं. जो आकडा येईल तेवढं तुम्ही स्वतः खाल्लंत असं समजायचं.

आता मनीचा दिवस पुन्हा बघू. दोन पळ्या म्हणजे ५० मिलिलिटर म्हशीचं दूध, साधारण ५० कॅलरी. दहाने गुणा, झाल्या ५००. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या दीड वडापाव, आणि तोही नाश्त्याच्या आधी! अर्ध्या बिस्किटाच्या १०, पनीरच्या दोन लहान चौकोनांच्या ३०, नळीच्या ५-६. कुरकुरीत ट्रीट दिसायला चिमुकली, पण एकेकात साधारण दोन कॅलरी असतात. पंधरा दिल्या तर ३०. बेरीज सव्वाशेच्या घरात जाते. दोनशेच्या बजेटमध्ये सव्वाशे नुसता खाऊ!

प्राण्यांचे डॉक्टर जगभर एक साधा नियम सांगतात. खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. चार किलोच्या मांजरासाठी म्हणजे २० कॅलरी. त्यातही एक मेख आहे, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हे २० दोनशेच्या *आतले* असतात, *वरचे* नाहीत. २० चा खाऊ दिला तर जेवण १८० चं द्यायचं. शिवाय हा हिशेब आजच्या वजनावर करत नाहीत. सहा किलोच्या मांजराला साडेचार किलोवर आणायचं असेल, तर डॉक्टर साडेचार किलो डोळ्यांसमोर ठेवूनच जेवणाचं प्रमाण ठरवतात.

"एवढं काटेकोर कशाला, दहा कॅलरींनी काय होतंय?" असं वाटत असेल तर कागद-पेन्सिल घ्या. रोज दहा जास्तीच्या कॅलरी म्हणजे वर्षाला ३६५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठतात. म्हणजे वर्षाकाठी जवळपास अर्धा किलो. प्रत्यक्षात शरीर थोडं जुळवून घेतं, पण दिशा हीच. अर्धा किलो ऐकायला किरकोळ वाटतं. चार किलोच्या जिवावर ते म्हणजे साठ किलोच्या माणसाने वर्षात सात किलो वाढवण्यासारखं आहे. नसबंदीनंतर तर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते. म्हणून ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष वजनाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचं.

आधी खात्री करा, मांजर खरंच जाड आहे का?

पोटाखाली लोंबणारी, चालताना हलणारी झोळी बघून लगेच घाबरू नका. ती सडपातळ मांजरांनाही असते. त्याऐवजी फासळ्या चाचपून बघा. स्वतःचा हात सपाट पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं पंज्याच्या पाठीवरून फिरवा. हाडं दिसत नाहीत, पण लगेच लागतात. मांजराच्या फासळ्या तशा लागल्या तर वजन ठीक आहे. तळहाताच्या बाजूने फिरवल्यावर जसं दाबल्याशिवाय हाड सापडत नाही, तसं फासळ्यांचं झालं असेल, तर वजन जास्त आहे. वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. ती दिसत नसेल आणि मांजर वरून उशीसारखं गोल दिसत असेल, तर उत्तर मिळालंच.

जाड मांजराचे फोटो सोशल मीडियावर भरपूर लाइक्स मिळवतात हे खरं आहे. पण लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका साधारण चौपट असतो. सांधे दुखायला लागतात, उड्या कमी होतात, आणि पाठीचा मागचा भाग चाटून साफ करता येत नाही म्हणून तिथले केस गुंततात. "आता वय झालं, शांत झालीये" असं आपण म्हणतो. ती शांत झालेली नसते, तिला उडी मारणं जड जात असतं.

एक गोष्ट अजिबात करू नका

"ठीक आहे, उद्यापासून खाऊ बंद, जेवणही निम्मं!" हा उत्साह मांजराच्या बाबतीत जीवघेणा ठरू शकतो. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. मांजराने, विशेषतः जाड मांजराने, दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर शरीरातली चरबी एकदम यकृताकडे धावते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी हाताळता येत नाही. ती तिथेच साचते आणि यकृत काम करेनासं होतं. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. गंमत म्हणजे, ज्याला उपाशी राहून सगळ्यात जास्त "फायदा" होईल असं आपल्याला वाटतं, त्याच जाड मांजराला हा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून "भूक लागली की खाईल झक मारत" हा कुत्र्यांच्या बाबतीतला जुना बाणा इथे चालवू नका. नवीन डाएटचं अन्न मांजर तोंडात घेत नसेल, तर जुन्या अन्नात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदल करा. एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

आणि खाऊ पूर्ण बंद करण्याची गरजही नाही. तो निवडून द्यायचाय, एवढंच.

दूध, बिस्कीट, पनीर: आपल्या घरातला नेहमीचा खाऊ

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात बालवाडीच्या पुस्तकापासून बसलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचत नाही. पिल्लू असताना ते पचवणारं एन्झाइम असतं, दूध सुटलं की ते कमी होत जातं. त्यामुळे काहींना जुलाब होतात. काहींना होत नाहीत, पण म्हशीच्या दुधाची चरबी मात्र हमखास लागते. वजन कमी करायचं असेल तर घरातून सगळ्यात आधी जायला हवी ती ही दुधाची वाटी. या एका बदलाने मनीच्या दिवसातल्या ५० कॅलरी गेल्या.

आई ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. अशा घरांसाठी मधला मार्ग: लहान चमचाभर साधं, बिनसाखरेचं दही. त्यात लॅक्टोज थोडं कमी असतं आणि एवढ्याशा दह्यात ३-४ कॅलरीच असतात. पोट बिघडलं तर तेही बंद. वाटी तीच ठेवा, आईच्या हातूनच द्या. मनीला वाटीत काय आहे यापेक्षा सकाळी वाटी आली, हे जास्त महत्त्वाचं असतं.

बिस्किटाचं तर नवल वाटेल. मांजराला गोड चव कळतच नाही! अमेरिकेतल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की गोड चव ओळखणाऱ्या रिसेप्टरचा एक जनुक मांजरवर्गात निकामी आहे. घरातली मनी असो की वाघ, दोघांचंही तेच. मग ती बिस्किटासाठी का येते? त्यातल्या स्निग्धपणासाठी, वासासाठी, आणि बाबांच्या मांडीसाठी. साखर आणि मैदा तिच्या काहीच कामाचे नाहीत. चॉकलेटचं बिस्कीट तर विषारी, ते चुकूनही नको. बेदाणे-मनुकांपासूनही लांबच ठेवा.

शाकाहारी घरांत पनीर हा मुख्य खाऊ असतो. पनीर वाईट नाही, पण ते म्हणजे पाणी काढून घट्ट केलेलं दूध. शंभर ग्रॅमला पावणेतीनशे-तीनशे कॅलरी. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा दिला तर ३ कॅलरी, सुरीखालून सुटलेला चौकोन दिला तर १५. मांजराच्या दृष्टीने दोन्ही "एक तुकडा"च. खाऊचा आकार ते मोजत नाही. मिळाला की नाही, एवढंच बघतं. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं, कारण कुठलाही खाऊ तोडून चार भाग करता येतो आणि एकाऐवजी चारदा देता येतो.

मांसाहारी घरांचं काम सोपं, पण फोडणीच्या आधी

मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्यामुळे त्याच्यासाठी सगळ्यात चांगला हलका खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन: छातीचा भाग, कातडी काढलेला, बिनमिठाचा, बिनहाडाचा. दहा ग्रॅममध्ये साधारण १६ कॅलरी, आणि दहा ग्रॅम म्हणजे करंगळीच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे. चिकनच्या रेषा सुट्या होतात, ही तर मोठीच सोय. त्या तुकड्यांच्या पंधरा-वीस रेषा काढा, दिवसभर पुरतील. मध्यम आकाराची एक उकडलेली, सोललेली कोळंबी १० कॅलरींच्या आसपास. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग अख्खा दिला तरी १७, पण पिवळा बलक ५५ कॅलरींचा, म्हणून तो नखाएवढाच.

अट एकच. मांजराचा वाटा फोडणीत जाण्याआधी बाजूला काढा. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतात, आणि शिजवल्याने त्यांचं विष जात नाही. रश्शातून काढून धुतलेला तुकडाही नको. तेलाच्या कॅलरी हा त्यापुढचा मुद्दा.

कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत मांजरांचा लाडका खाऊ म्हणजे सुकी मासळी. इथे जरा थांबायला हवं. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं, तो उकडून काटे काढून दिला तर अगदी हलका खाऊ. पण तोच बोंबील वलांडीवर वाळला की पाणी उडून जातं आणि बाकीचं सगळं त्या काडीत जमा होतं. वजनाला हलकी म्हणून आपण दोन-तीन काड्या देतो, आणि कॅलरी कितीतरी पटीने जास्त जातात. सुका बांगडा तर खारवलेलाच असतो, एवढं मीठ मांजराला नको. द्यायचंच असेल तर बिनमिठाचा जवळा, चिमूटभर, नेहमीच्या जेवणावर भुरभुरून. वासानेच काम होतं. डाएटचं बेचव अन्न खायला लावायचा हा एक उत्तम उपाय आहे.

पाकिटातला खाऊ: कॅलरी लिहिलेल्याच नसतील तर?

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर यांचे टक्के असतात, कॅलरी मात्र नसतात. हरकत नाही, त्या काढता येतात.

समजा पाकिटावर प्रोटीन ३०, फॅट १८, फायबर ४, मॉइश्चर १० असं आहे. यात 'अ‍ॅश', म्हणजे खनिजं, लिहिलेली नसतील तर ८ धरा. या सगळ्यांची बेरीज ७०. शंभरातून वजा केले की उरतात ३०, ते कार्बोहायड्रेट. आता प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट यांना साडेतीनने गुणा, फॅटला साडेआठने. १०५, १०५ आणि १५३. एकूण ३६३ कॅलरी, शंभर ग्रॅमला. म्हणजे आपल्या २० कॅलरींच्या मर्यादेत हा खाऊ साडेपाच ग्रॅमच बसतो. आणि ७५ ग्रॅमचं अख्खं पाकीट? २७० कॅलरी. एका दिवसाच्या पूर्ण जेवणापेक्षा जास्त! रविवारी पाहुण्यांच्या मुलांनी पाकीट संपवलं की काय होतं, ते आता कळलं असेल.

या गणितातून दिसतं, की सगळ्यात महाग पडते ती चरबी, आणि फुकट पडतं ते पाणी. म्हणून दुकानात पाकीट उलटं करून आधी मॉइश्चर बघा, मग फॅट. चाटायच्या पातळ ट्रीटमध्ये बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे १५ ग्रॅमच्या अख्ख्या नळीत पाच-सहा कॅलरी निघतात. ताईची ती नळी, जिच्यावर घरात सगळ्यांचा डोळा होता, तीच खरं तर सगळ्यात निर्दोष निघाली. फक्त फॅटचा आकडा बघून घ्या, सगळ्या नळ्या सारख्या नसतात.

'ग्रेन फ्री', 'नॅचरल', 'रिअल चिकन' हे शब्द वजनाबद्दल काहीच सांगत नाहीत. धान्य काढून बटाटा घातला, तरी कॅलरी तिथेच. फ्रीझ-ड्राय चिकनचे तुकडे चांगले असतात, पण तेही सुक्या बोंबलासारखेच: कापसासारखे हलके आणि कॅलरींनी भरलेले. एकाचे चार करून द्या.

सगळ्यात स्वस्त खाऊ: तिचंच जेवण

हे वाचून हसाल, पण करून बघा. सकाळी दिवसभराचे ड्राय फूड किचनच्या वजनकाट्यावर मोजून घ्या. मापाच्या कपाने नको, त्यात सहज थोडं जास्त जातं. त्यातले थोडे दाणे एका छोट्या डबीत काढून फ्रिजवर ठेवा. आज ज्याला ज्याला खाऊ द्यायचाय, त्याने या डबीतूनच द्यायचा. डबी रिकामी झाली की आजचा खाऊ संपला. घरात पाच माणसं असली तरी "मी दिला नव्हता" हा वाद उरत नाही. डबीत चिकनच्या दोन रेषा टाकून झाकण लावलं, तर दाण्यांनाही तोच वास लागतो. शेजारच्या काकू खिडकीतून काही देत असतील, तर तीच डबी त्यांनाही दाखवा.

दाणे ताटलीत ठेवण्याऐवजी पॅसेजमध्ये एकेक फेकून बघा. मांजर मुळात दिवसभरात अनेक छोट्या शिकारी करून जगणारं जनावर आहे. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचे सहा-सात उंदीर आणि प्रत्येकासाठी धावपळ. आपल्या फ्लॅटमधली मनी तेवढंच खाते, पण धावपळ शून्य. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, खळग्यांत दाणे टाका, वर कागदाचे बोळे ठेवा. पंधरा मिनिटं ती पंज्याने उकरत बसेल.

आणि कधीकधी तिला खाऊ नकोच असतो. ती जवळ येऊन ओरडते, आपण खाऊ देतो, ती शिकते की ओरडलं की हेच मिळतं. पुढच्या वेळी आधी काडीला दोरी बांधून पाच मिनिटं खेळवा, किंवा ब्रशने पाठ विंचरा. त्यानंतरही वाटीजवळ जाऊन बसली, तर भूक खरी. कुंडीत मूठभर गहू पेरले तर आठ-दहा दिवसांत कोवळं गवत येतं. बऱ्याच मांजरांना ते चघळायला आवडतं आणि कॅलरींच्या हिशेबात ते जवळपास धरावंच लागत नाही.

मुतखडा किंवा किडनीसाठी खास आहार चालू असेल, तर वरचा कुठलाही खाऊ डॉक्टरांना विचारूनच द्या. चिमूटभर जवळाही तिथे चालत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल तर जेवण आणि खाऊ स्वतःच्या मनाने कमी करू नका, कारण त्यासोबत इन्सुलिनचा डोसही बदलावा लागू शकतो.

वजन दर पंधरा दिवसांनी करा. मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, फरक लिहून ठेवा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के घट सुरक्षित मानतात. सहा किलोच्या मनीसाठी एक टक्का म्हणजे आठवड्याला ६० ग्रॅम. महिन्याने काट्यावर पावणेसहा दिसले तर सगळं नीट चाललंय, डबी आहे तेवढीच ठेवा. साडेपाच किंवा त्याहून कमी दिसले तर घट फार वेगाने होतेय, डॉक्टरांना दाखवून जेवण थोडं वाढवा. आणि सहाच दिसले, तर फ्रिजवरच्या डबीशिवाय आणखी कोण काय देतंय, ते संध्याकाळी सगळे घरी असताना विचारा.